‘पळ काढा’ म्हणता, पण कुठे?

घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. मराठवाड्यात वाढलेल्या प्रत्येकाला ती आख्यायिका ठाऊक असते. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, भटजींनी ‘सावधान’ म्हटलं आणि पोरगा खरोखरच सावध होऊन मांडवातून पळाला. पुढे नाशिकजवळ टाकळीला तप, मग देशभर भ्रमंती. संसाराच्या मोहापासून पळण्याची एवढी प्रसिद्ध गोष्ट महाराष्ट्रात दुसरी नसेल.

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हीच शिकवण दुसऱ्या नायकाच्या नावानं दिली जाते. तो नायक योसेफ. मिसर देशात पोटीफराच्या घरी चाकरीला असलेला देखणा तरुण. मालकाची बायको त्याच्या मागे लागते, त्याचं वस्त्र धरते, तो वस्त्र तिच्या हातात टाकून बाहेर पळतो. तरुण संघाचं शिबिर असो नाहीतर संजीवन सभा, लैंगिक मोहाचा विषय निघाला की उत्पत्तीचा ३९ वा अध्याय उघडला जातो. जोडीला पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, कारण तोही पळायलाच सांगतो. मग डोळे मिटायचे, ‘ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांनी हात वर करा’, हात वर होतात, प्रार्थना होते, जेवण होतं, पोरं आपापल्या गावी जातात. पुढच्या वर्षी पुन्हा योसेफ.

रामदास किंवा योसेफ यांचं पळणं मला खोटं ठरवायचं नाही. पण दोघांच्याही बाबतीत एक सोय होती. ज्यापासून पळायचं ते एका जागी होतं. एक मांडव, एक वाडा. दाराबाहेर पडलं की सुटका. घनसावंगीतल्या वीस वर्षांच्या पोराचा मोह त्याच्या खिशात असतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि फुकट डेटा तालुक्याच्या गावापासून शेतातल्या आखाड्यापर्यंत पोचला. सरकारनं ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट्स बंद करायला सांगितल्या, उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८ मध्ये पुन्हा ८२७. बंद साइट उघडायची कशी हे आठवीतल्या पोरालाही माहीत असतं. पोरगा पळाला तरी फोन त्याच्याबरोबर पळतो. त्याच फोनवर बायबलचं अ‍ॅप आहे, त्याच फोनवर मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, परीक्षेचा निकालही त्यावरच लागतो. तो फेकून दे म्हणणाऱ्या पाळकांनी आधी स्वतःचा फेकून दाखवावा.

माझा मुद्दा मात्र फोनचा नाही. फोन उद्या जाईल, दुसरं काही येईल. ‘पळ’ म्हणणारी मंडळी कुणाकडे पळायचं हे सांगत नाही, हा माझा मुद्दा आहे. आणि ती सांगू शकत नाही, कारण तिनं तीन वेगवेगळ्या गोष्टींचा एकच गोळा करून ठेवला आहे.

मोह, पाप, गुन्हा

मोह म्हणजे मनात उठणारी ओढ. पाप म्हणजे त्या ओढीपायी आपण जाणूनबुजून मोडलेला विश्वास, दिलेला शब्द. गुन्हा म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर, त्याच्या संमतीवाचून किंवा तो संमती द्यायच्या वयाचा नसताना केलेली जबरदस्ती, आणि तिचा निवाडा पोलीस आणि कोर्टानं करायचा असतो. या तीन गोष्टी आहेत. त्यांना तीन वेगळी उत्तरं हवीत.

आमच्याकडे काय होतं? मोहाला पापाची वागणूक मिळते, पापाला गुन्ह्याची, आणि खरा गुन्हा घडला की त्याला मोह म्हटलं जातं. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनात नुसता विचार आला तरी त्याला वाटतं आपण नरकात चाललो. दोन सज्ञान अविवाहित माणसं एकमेकांजवळ आली तर मंडळीची पंचकमिटी बसते, साक्षी-पुरावे होतात. आणि एखाद्या मोठ्या माणसानं लहान लेकराला हात लावला तर ‘सैतानानं त्यांना मोहात पाडलं, आपण त्यांच्यासाठी प्रार्थना करू या’. या उलट्या हिशेबात सगळ्यात कोवळं मन सगळ्यात जास्त शिक्षा भोगतं आणि सगळ्यात मोठा अपराधी सगळ्यात जास्त माया मिळवतो.

हे पवित्रशास्त्रातून आलं असं कुणी म्हणू नये. येशू चाळीस दिवस रानात होता आणि त्याची परीक्षा झाली, हे शुभवर्तमानांत स्पष्ट आहे. इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय तर सांगतो की तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला आणि तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह होणं हेच पाप असेल तर ख्रिस्तालाही पापी म्हणावं लागेल. डोंगरावरच्या प्रवचनात तो वासनेनं पाहण्याबद्दल कडक बोलतो, खरं आहे. पण तिथे तो बोट कुणाकडे दाखवतो? पाहणाऱ्याच्या डोळ्याकडे. जिच्याकडे पाहिलं तिच्या ओढणीकडे नाही. आमच्या शिबिरांत मुलींना कपड्यांवर तासभर आणि मुलांना डोळ्यांवर पाच मिनिटं मिळतात. शास्त्राचा पाठ उलटा करायला यापेक्षा जास्त काय करावं लागतं?

हस्तमैथुनाचंच घ्या, कारण तरुण संघातल्या निम्म्या मूक प्रार्थना त्याबद्दल असतात आणि तो शब्द मात्र कुणी उच्चारत नाही. त्याविरुद्ध ओनानाची गोष्ट पुढे केली जाते. उत्पत्तीचा ३८ वा अध्याय नीट वाचा. ओनानाचा अपराध हा की मेलेल्या भावाच्या विधवेला वारस द्यायची जबाबदारी त्यानं टाळली, आणि तिचा वापर मात्र केला. एका बाईला फसवण्याची ती गोष्ट आहे. ती एकांतातल्या पोराच्या डोक्यावर मारली जाते, आणि पोरगा बोलायला माणूस शोधतो तेव्हा त्याला सापडतो तो एसटी स्टँडमागच्या भिंतीवर रंगवलेला ‘गुप्तरोग’वाला हकीम. मंडळीनं सोडलेली खुर्ची हकिमानं घेतली आहे. तो निदान ‘या, बसा’ तरी म्हणतो.

पाप आणि गुन्हा यांतला फरक देशाच्या सर्वोच्च न्यायालयानंही करून दाखवला आहे. २७ सप्टेंबर २०१८ ला व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द झालं. तो खटला करणारा जोसेफ शाइन हा केरळचा. त्या निकालानं व्यभिचार चांगला ठरला नाही. त्यासाठी घटस्फोट मागता येतो, लग्नाचा विश्वास तुटतोच. फक्त पोलिसांनी त्यात पडू नये, एवढंच ठरलं. राज्याला जो फरक कळतो तो मंडळीला का कळू नये? पापाचा विचार मंडळीनं जरूर करावा. पण पंचकमिटीनं फौजदार व्हायचं कारण नाही, आणि जिथे फौजदाराची गरज आहे तिथे पंचकमिटीनं मध्ये उभं राहायचं कारण नाही.

वीस घरांची मंडळी

शहरातल्या वाचकाला हे फार गंभीर वाटणार नाही. पुण्यात एका चर्चमध्ये जमलं नाही तर दुसरं आहे, वसईत तर पावलोपावली आहे. घनसावंगीसारख्या तालुक्यातली एखादी मंडळी डोळ्यांसमोर आणा. समजा, वीस-पंचवीस घरं. रविवारी एका खोलीत उपासना. सगळे एकमेकांचे सोयरे. लग्नं याच घरांत किंवा जालना, अंबड, परतूरच्या अशाच घरांत व्हायची. आजारपणात हीच माणसं डबा आणतात, मयताला हीच खांदा देतात. गावातल्या बाकीच्या समाजानं यांना कधीच पुरतं आपलं म्हटलेलं नाही.

अशा ठिकाणी एका तरुणानं पाळकांकडे जाऊन ‘पास्टर, मला मोबाइलवरचं ते बघायची सवय लागली आहे, सुटत नाही’ असं सांगितलं तर काय होईल? पास्टर चांगला माणूस असेल तर प्रार्थना करेल. पण पास्टरच्या घरी कळेल. मग ते ‘प्रार्थनेचा विषय’ होईल. आमच्याकडे चुगलीला चुगली म्हणत नाहीत, प्रार्थनेचा विषय म्हणतात. ‘अमक्या भावासाठी विशेष प्रार्थना करा, जास्त काही सांगत नाही, देवाला ठाऊक आहे.’ देवाच्या आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला ठाऊक झालेलं असतं. संध्याकाळपर्यंत त्याच्या होणाऱ्या सासरी.

मुलीच्या बाबतीत वेगळंच. तिचं कुणाशी नाव जोडलं गेलं तर तिला कुणी विचारायलाही येत नाही. प्रभुभोजनाची थाळी पुढे सरकते तेव्हा ती आपोआप तिच्यासमोरून पुढे जाते. मग मावशीकडे रवानगी, मग घाईचं लग्न. मुलगा उभा राहून दोन वाक्यांत क्षमा मागतो, आणि पुढच्या नाताळात तोच तबला वाजवायला बसतो. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचारात धरलेल्या बाईला लोक आणतात तेव्हा पुरुष कुठे होता, हा प्रश्न दोन हजार वर्षं विचारला जातोय. आमच्याकडे उत्तर आहे: तो तबल्यावर होता.

वीस घरांत बाहेर काढणं म्हणजे जग बंद करणं. प्रभुभोजन थांबवलं की बोलणं थांबतं, बोलणं थांबलं की सोयरीक थांबते. हे माहीत असल्यामुळे कुणीच काही सांगत नाही. आणि कुणी सांगत नाही म्हणून पाळकांना वाटतं, आपल्या मंडळीत असलं काही नाही.

कॅथलिकांकडे पापकबुली तरी आहे. तिचाही गैरवापर झाला आहे, पण निदान एक जागा आहे जिथे वाक्य पूर्ण बोलता येतं आणि ते बाहेर जात नाही. आम्ही प्रॉटेस्टंटांनी ती जागा चारेकशे-पाचशे वर्षांपूर्वी रद्द केली आणि तिच्या बदल्यात एक साधी खुर्चीसुद्धा ठेवली नाही.

वाळीत टाकणं आम्हाला शिकवू नका

जालन्याच्या ख्रिस्ती माणसाला तरी बहिष्काराचा अर्थ कळायला हवा. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातून १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. पुढे ते जालन्यात आले, आणि निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभी केली, ती कशासाठी? बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला गावात विहीर राहत नव्हती, काम राहत नव्हतं. बाहेर फेकलेल्या माणसांना राहायला जागा हवी होती.

त्याच १८४३ मध्ये नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण गाजलं. पोरगा मिशनऱ्यांकडे राहिला, वडील कोर्टात गेले, कोर्टानं त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. आता प्रश्न आला की मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या या पोराला परत जातीत घ्यायचं की नाही. सनातनी म्हणाले, नाही. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. एका अल्पवयीन मुलासाठी त्यांनी आपल्याच जातीचा रोष ओढवून घेतला. मिशनच्या इतिहासात हे प्रकरण मुलगा हातचा गेल्याची गोष्ट म्हणून येतं. मला त्यात आज वेगळं दिसतं. जातीच्या भिंतीत दार पाडायचा प्रयत्न एका हिंदू ब्राह्मणानं केला. आणि जातीच्या भिंतीतून बाहेर पडलेल्यांच्या वारसांनी स्वतःभोवती तसलीच भिंत बांधून घेतली.

पंडिता रमाबाईंचं उदाहरणही आमचंच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि दुष्काळातल्या मुली होत्या हे सगळे सांगतात. तिथे कृपासदनही होतं, समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांसाठी. रमाबाईंना पापाचं गांभीर्य कळत नव्हतं असं कुणी म्हणेल का? त्या आजच्या कुठल्याही पाळकापेक्षा कडक होत्या. पण त्यांच्या कडकपणात आत यायचं दार होतं. रमाबाईंची तसबीर भिंतीवर लावायची आणि आपल्याच मंडळीतल्या मुलीला मावशीकडे धाडायचं, हे एकाच खोलीत चालू शकत नाही.

परदेशी कुंपणं

‘आपण ढिले पडलो, कुंपण घट्ट करू’ हा उपाय नवीन पिढीचे वक्ते सांगतात. तो बहुधा अमेरिकेतून आलेला असतो. तिथे १९९३ मध्ये ‘ट्रू लव्ह वेट्स’ नावाची चळवळ सुरू झाली. लाखो मुलामुलींनी लग्नापर्यंत शुद्ध राहण्याच्या कार्डावर सह्या केल्या. १९९७ मध्ये जोशुआ हॅरिस या विशीतल्या तरुणाचं डेटिंगविरुद्धचं पुस्तक प्रचंड खपलं. २०१८ मध्ये त्याच हॅरिसनं जाहीर माफी मागून ते पुस्तक छापणं थांबवलं. शपथांचं काय झालं? २००९ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात जॅनेट रोझेनबॉम यांचा अभ्यास आला. शपथ घेतलेल्या आणि न घेतलेल्या सारख्याच घरांतल्या मुलांची तुलना केली. पाच वर्षांनी दोघांच्या लैंगिक वागण्यात फरक नव्हता. फरक एवढाच, की शपथवाले गर्भनिरोधक कमी वापरत होते. आणि त्यांच्यातल्या ८२ टक्क्यांनी तर आपण शपथ घेतलीच नव्हती असं सांगितलं. हात वर करायला लावणाऱ्या आमच्या शिबिरांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

दुसरं कुंपण पुढाऱ्यांसाठीचं. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी ठरवलं की बायकोखेरीज कुठल्याही बाईबरोबर एकटं बसायचं नाही. हा नियम पुढे जगभर पसरला. चेन्नईत जन्मलेले रवी झकारायस तो नियम आपण पाळतो असं सांगत. भारतातल्या इंग्रजी शिकलेल्या ख्रिस्ती तरुणांचे ते देवच होते. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेनं नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला. मसाज करणाऱ्या अनेक स्त्रियांशी त्यांनी वर्षानुवर्षं लैंगिक गैरवर्तन केलं होतं, एकीनं तर बलात्काराचा आरोप केला होता.

कुंपणानं कुणाचं रक्षण केलं? त्यांच्या नावाचं. बायकांचं नाही. बाईबरोबर एकटा न बसणारा माणूस लोकांच्या नजरेत इतका शुद्ध ठरला की तक्रार करणारी आधीच खोटी ठरली. उलट त्या नियमामुळे मंडळीतली बाई कायमची ‘मोह’ झाली. तिला पाळकांशी बोलायचं असेल, नवरा मारतो हे सांगायचं असेल, तर नवऱ्यालाच बरोबर घेऊन यायचं का? दार उघडं ठेवा, दुसरी बाई जवळ बसू द्या, हे ठीक आहे. पण बोलणंच बंद केलं तर त्याला शुद्धता म्हणू नका.

लग्न हे औषध नव्हे

आमच्याकडचा सगळ्यात जुना इलाज म्हणजे ‘उरकून टाका’. त्यासाठी पौलाचा करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय हाताशी असतोच. पण पौल प्रौढांना लिहीत होता. आपण मराठवाड्यात आहोत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. परभणी, बीड, जालना या पट्ट्यात हे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच वर आहे. दिवाळीनंतर गाड्या ऊसतोडीला निघतात, जोडपं असलं की एक कोयता धरला जातो, वयात आलेली पोर एकटी मागे कुठे ठेवायची, ही भीती आईबापाला पोखरत असते. ही भीती खरी आहे. पण तिच्यावर मंडळीनं आशीर्वादाचा हात ठेवला की बालविवाह पवित्र होतो. कायद्यानं मुलगी १८ ची आणि मुलगा २१ चा हवा. मुलाच्या मोहावर मुलीचं आयुष्य हा उतारा असू शकत नाही. आणि लग्नानं मोह संपतो असं ज्याला वाटतं त्यानं कुठल्याही विवाहित माणसाला विचारावं. स्वतःलाच विचारलं तरी चालेल.

तामारेची गोष्ट कुणी सांगत नाही

योसेफ दर वर्षी येतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १३ वा अध्याय कधी ऐकलात का उपासनेत? दाविदाचा मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. ती नाही म्हणते, विनवते, तो ऐकत नाही. मग तिला घराबाहेर काढतो. तिचा सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प राहायला सांगतो. राजा दाविदाला कळतं, त्याला फार राग येतो. आणि तो काहीच करत नाही. दोन वर्षांनी घरात खून पडतो, पुढे राज्य पेटतं.

हा अध्याय म्हणजे आमच्या कितीतरी मंडळ्यांचं इतिवृत्त आहे. राग येतो. प्रार्थना होते. काहीच केलं जात नाही. बदली होते. मुंबईत शिवाजीनगर भागातल्या चर्चमध्ये २०१५ मध्ये एका अल्पवयीन मुलावर धर्मगुरूनं अत्याचार केल्याची तक्रार घरच्यांनी केली. डिसेंबर २०२१ मध्ये विशेष न्यायालयानं त्या धर्मगुरूला जन्मठेप सुनावली. सहा वर्षं त्या घरानं जे सोसलं त्यात चर्चच्या वरिष्ठांकडून आपल्याला आधार मिळाला नाही अशी त्यांची तक्रार होती.

कायदा संदिग्ध नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार, अठराखालच्या मुलावर असा अपराध झाल्याचं ज्याला कळलं त्या प्रत्येकानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्याचा अपराध दडवला तर वर्षापर्यंत. ‘आपसात मिटवलं’ हा स्वतंत्र गुन्हा आहे.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्हींना उत्तर द्यायला हवं.

पहिला: ‘आपण मूठभर. आधीच धर्मांतराच्या नावानं बोटं दाखवली जातात. असलं बाहेर गेलं तर विरोधकांच्या हातात कोलीत.’ ही भीती मी उडवून लावत नाही. तालुक्याच्या गावात प्रार्थनेसाठी खोली भाड्यानं मिळवणं किती अवघड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोलीत गुन्हा दडवल्यानं मिळतं. स्वतः पोलीस ठाण्यात गेलेल्या मंडळीविरुद्ध बोलायला फार काही उरत नाही. आणि समजा उरलं, तरी एका लेकराच्या अंगावर उभं राहून आपण आपलं चर्च वाचवणार असू, तर ते कुणाचं चर्च वाचलं?

दुसरा: ‘मग शिस्त नकोच का? सगळं चालतं म्हणायचं?’ नाही. लग्नाचा शब्द मोडणाऱ्याला जाब विचारा. नाथान दाविदाकडे गेला तसं जा. पण नाथान गेला राजाकडे, तोंडावर बोलला, आणि बथशेबेला चावडीवर बोलावलं नाही. आमची शिस्त नेमकी खाली वाहते: मुलींकडे, गरिबांकडे, ज्यांचा भाऊ पंचकमिटीत नाही त्यांच्याकडे. वर्गणी जास्त देणाऱ्याच्या घरापर्यंत ती चढत नाही. आधी ती वर चढू द्या, मग कडकपणाच्या गप्पा मारू.

मग करायचं काय

फार मोठं काही नाही. त्याला पैसा लागत नाही, परदेशी वक्ता लागत नाही.

प्रत्येक मंडळीनं दोन माणसं नेमावीत, एक बाई, एक पुरुष. पाळक नकोत, पाळकांची बायको नको, पंचकमिटीतलं कुणी नको. लहान मंडळीत कुणी मिळत नसेल तर शेजारच्या मंडळीतलं घ्या, घनसावंगीच्या पोराला अंबडचा माणूस जास्त सोपा जाईल. त्यांचं काम ऐकणं. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगावं: तू सांगशील ते माझ्यापाशी राहील, फक्त अठराखालच्या मुलाबाबतचा लैंगिक अपराध असेल तर कायद्यानं मला कळवावंच लागेल. हे आधी सांगणं गरजेचं आहे, कारण अठराखालच्या दोघांनी एकमेकांच्या मर्जीनं केलेलंही पॉक्सोखाली येतं. बोलून झाल्यावर धोका दिला असं पोराला वाटू नये.

मोहाची कबुली देणाऱ्याचं प्रभुभोजन, गाणं, संडे स्कूलचं काम यातलं काहीही बंद करू नये, आणि हे पाळकांनी उपासनेत सगळ्यांसमोर जाहीर करावं. ते जाहीर होत नाही तोवर पहिला माणूस येणार नाही.

‘प्रार्थनेचा विषय’ दुसऱ्याच्या परवानगीशिवाय सांगायला बंदी असावी.

जे प्रार्थनेनं सुटत नाही ते डॉक्टरकडे न्यावं. सवय व्यसन झाली असेल, झोप उडाली असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर मराठीत बोलतो. मुलांसाठी १०९८. हे दोन नंबर पवित्रशास्त्राच्या वचनाशेजारी भिंतीवर लावले तर वचनाचा अपमान होत नाही.

समलिंगी ओढ असलेल्या मुलामुलींना ‘सोडवण्याच्या’ प्रार्थना बंद कराव्यात. त्यांच्याबद्दल मंडळीचं मत काहीही असो, भूत उतरवल्यासारखं चारचौघांत डोक्यावर हात ठेवून ओरडणं हे कुणाचंच मत असू शकत नाही.

आणि पाळकांनाही कुणीतरी हवं. तालुक्याच्या गावात पाळक हा सगळ्यात एकटा माणूस असतो. रात्री अकराला त्याच्याही हातात तोच फोन असतो. त्याला दर महिन्याला जाऊन खरं बोलता येईल असा, त्याची नोकरी ज्याच्या हातात नाही असा एक माणूस नेमून देणं ही वरिष्ठांची जबाबदारी आहे. ती न पाळता तो पडल्यावर त्याची बदली करणं म्हणजे मोह दुसऱ्या गावाला पाठवणं.

एवढं झाल्यावर योसेफाची गोष्ट जरूर सांगा. फक्त पूर्ण सांगा. तो पळाला, तरी खोट्या आरोपाखाली तुरुंगात गेला. आपल्या वीस घरांत असा एखादा योसेफ, एखादी तामार या रविवारीही चटईवर बसलेली असेल. उपासना संपल्यावर चप्पल घालायला ती मुद्दाम उशीर लावेल, सगळे गेले का ते बघेल. त्या वेळी तिथे कुणी थांबलेलं असणार आहे का, हे पंचकमिटीच्या पुढच्या बैठकीत पहिल्या क्रमांकावर घ्या. इमारत निधी दुसऱ्या क्रमांकावर चालेल.